मदत हवी आहे: कॅव्हिटी सॉलिटॉन (पोकळीत आकार न बदलता फिरत राहणारी प्रकाशाची पल्स) टिकत नाही, सगळं सपाट होतं

लुगियाटो-लेफेव्हर समीकरण (लेझरने पोसलेल्या पोकळीतल्या प्रकाशाचं; एककरहित रूप, अॅनोमलस डिस्पर्शन, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रकाश पुढे धावतो) पायथनमध्ये स्प्लिट-स्टेपने (दर पायरीला रेषीय आणि अरेषीय भाग वेगवेगळे) सोडवतोय. डिट्यूनिंग (लेझर आणि पोकळीच्या रेझोनन्समधलं अंतर) डेल्टा = ४, पंप (आत सोडलेला लेझर) एस = १.६, वेळेची खिडकी ४० एकक, ५१२ बिंदू, पायरी ०.००५. सुरुवातीला हायपरबोलिक सेकंट पल्स दिली तरी ती विरते आणि तीव्रता सगळीकडे ०.१६ वर बसते. नुसत्या नॉइजपासून सुरू केलं तरी तेच. गडबड कोडमध्ये आहे की आकड्यांत?

प्रतिसाद १
आकड्यांत. स्थिर तीव्रता वाय धरली तर एस² = वाय × [१ + (डेल्टा − वाय)²]. वाय ०.१६ घाला, २.५२ येतात; तुमचा एस² २.५६ आहे. म्हणजे पंप बरोबर जोडलाय. (एफएफटीच्या, म्हणजे फूरिए रूपांतराच्या, शून्य फ्रिक्वेन्सीच्या खान्यात पंप टाकताना बिंदूंच्या संख्येने गुणायचं राहिलं, तर सगळं जवळपास शून्यावर येतं. बऱ्याच कोडमध्ये हीच खोट निघते.)

सॉलिटॉनसाठी डेल्टा साधारण π² × एस² ÷ ८ च्या आत हवा. तुमची मर्यादा ३.१६, आणि मागताय ४! एस २ करा, मर्यादा ४.९३ वर जाईल.

नॉइजमधून इथे काही उगवणार नाही, कारण तीव्रता १ च्या खाली असताना सपाट अवस्था स्थिर असते. तसंच हवं असेल तर एस ३ ठेवून डेल्टा −२ पासून ७ पर्यंत सावकाश वाढवा. आधी नक्षी, मग गोंधळ, शेवटी काही सॉलिटॉन. किती उरतील ते दर वेळी वेगळं.

प्रश्नकर्ता
एस २ केल्यावर टिकला, आभार. पण सुरुवातीला जोरात हेलकावतो.

प्रतिसाद २
पल्सची फेज शून्य ठेवली असणार. उंची √(२ × डेल्टा) = २.८३, टाऊचा (पल्सच्या आतल्या वेळेचा) गुणक √डेल्टा = २, आणि फेजचा कोसाइन √(८ × डेल्टा) ÷ (π × एस) = ०.९, म्हणजे +०.४५ रेडियन. ऋण चिन्ह घेऊ नका, ती अस्थिर शाखा आहे. शिवाय एस ÷ [१ + आय(डेल्टा − वाय)] (आय = √−१) ही पार्श्वभूमी मिळवा. आता वाय ०.२७. हे सूत्र अंदाजी असल्याने थोडं हेलकावेल, पण शमेल. डेल्टा तोच ठेवून एस फार वाढवलात तर मात्र हेलकावा कायमचा राहतो. तो ब्रीदर (ठरावीक तालात आकार बदलत राहणारा सॉलिटॉन), कोडचा दोष नव्हे.

प्रतिसाद १
पुढे खऱ्या सिलिकॉन नायट्राइड रिंगवर (चिपवरची कड्यासारखी प्रकाश-पोकळी) जाणार असाल तर तापमानाचं समीकरणही जोडा. सॉलिटॉन बनताच आतली सरासरी पॉवर पडते, रिंग थंड होते, रेझोनन्स कमी तरंगलांबीकडे सरकतो आणि डेल्टा आपोआप वाढून हीच मर्यादा ओलांडतो.