मदत हवी आहे: वीज सारखी ये-जा करत असताना यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या ‘नट’ने सर्व्हर नेमका केव्हा बंद करावा?

नमस्कार,

आमच्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयात डेबियन १२ वर कोहा ही ग्रंथालय-प्रणाली चालते. सर्व्हरच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकसर जोडलेल्या आहेत. हा यूपीएस यूएसबीवरून मेगाटेक प्रोटोकॉलने बोलतो, म्हणून नेटवर्क यूपीएस टूल्सच्या (नट) २.८.० आवृत्तीतील नटडीआरव्ही-क्यूएक्स हा ड्रायव्हर वापरला आहे. वीज गेली की स्थिती ‘ओएल’वरून (मुख्य विजेवर) ‘ओबी’वर (बॅटरीवर) जाते आणि नटच्या यूपीएसमॉन या देखरेख-प्रोग्रामला ती कळते, म्हणजे इथपर्यंत सारे ठीक आहे.

अडचण पुढची आहे. हा यूपीएस बॅटरीची टक्केवारी देत नाही, केवळ व्होल्टेज देतो, आणि बॅटरी संपत आल्याची ‘एलबी’ ही सूचना इतक्या उशिरा येते की मारियाडीबी हा कोहाचा डेटाबेस नीट बंद होण्याइतकाही वेळ हाती राहत नाही. त्यामुळे ‘ओबी’ होताच यूपीएसशेड या नटच्या टायमर-प्रोग्रामने ३०० सेकंदांचा टायमर सुरू करून, तो संपल्यावर यूपीएसमॉनला ‘एफएसडी’ची (सर्व्हर सक्तीने बंद करण्याची) आज्ञा द्यायची, अशी रचना मी केली आहे. परंतु आमच्याकडे पावसाळ्यात वीज चार मिनिटे जाते, दोन मिनिटे येते आणि पुन्हा जाते. वीज येताच टायमर रद्द होतो आणि पुढच्या वेळी पूर्ण ३०० सेकंद नव्याने मोजले जातात, बॅटरी मात्र त्या दोन मिनिटांत जेमतेमच भरलेली असते. केवळ व्होल्टेजवर विसंबावे, तर चार्जिंग सुरू होताच ते वर चढते आणि बॅटरी आहे त्यापेक्षा भरलेली भासते.

म्हणून ‘एलबी’कडे दुर्लक्ष करायला लावणारा ‘इग्नोरएलबी’ हा पर्याय लावून, ‘रनटाइमकॅल’मध्ये पूर्ण व निम्म्या भाराखालचा बॅकअप-काळ देऊन, उरलेला काळ ठरावीक मर्यादेखाली गेला की सर्व्हर बंद करावा, असा माझा विचार आहे. तत्त्वतः हीच पद्धत मला अधिक योग्य वाटते, कारण ड्रायव्हर त्यात मागचा वापर लक्षात ठेवतो. मात्र ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्याचा आरंभीचा अंदाज व्होल्टेजवरूनच निघतो, ही उणीव उरतेच. जुन्या बॅटऱ्यांसाठी हे आकडे प्रत्यक्ष भार लावून कसे काढावेत, आणि ‘चार्जटाइम’चे (बॅटरी पूर्ण भरायला लागणाऱ्या काळाचे) मूळ मूल्य, म्हणजे ४३२०० सेकंद, तसेच ठेवावे का?

दुसरा प्रश्न सर्व्हर परत चालू होण्याचा आहे. ‘एफएसडी’ एकदा लागू झाले की वीज परतली तरी सर्व्हर बंद होतोच. अशा वेळी यूपीएसने ‘ऑफडिले’ या ठरवलेल्या काळानंतर आउटपुट तोडून ‘ऑनडिले’ या काळानंतर पुन्हा दिले, तरच बायोसमधील, वीज मिळताच आपोआप चालू होण्याची सोय उपयोगी पडते. मुख्य वीज हजर असताना तुमचा मेगाटेक यूपीएस आउटपुट खरोखर तोडतो का? तोडत नसेल, तर त्यावर काय उपाय केला?

नवा यूपीएस घेणे यंदाच्या अनुदानात बसणारे नाही, त्यामुळे उत्तरे याच यंत्राच्या मर्यादेत द्यावीत, ही विनंती. नटच्या यूपीएस-डॉट-कॉन्फ या सेटिंग-फाइलमधील आपली नोंद जशीच्या तशी दिल्यास फार उपयोग होईल.