गाडीचे ॲव्हरेज: सोलापूरकरांचे अनुभव

गाडी चालवण्याच्या सवयी आणि देखभाल यांमुळे ॲव्हरेजमध्ये प्रत्यक्ष किती फरक पडतो, याविषयी सोलापूर आणि परिसरातील वाचकांनी अनुभव लिहावेत, यासाठी हा धागा आहे. कृपया डॅशबोर्डवरचा आकडा देऊ नये, कारण तो पुष्कळदा थोडा उदार असतो. टाकी फुल करावी, पंपाच्या नळीने आपोआप पुरवठा थांबवला की तिथेच थांबावे, किलोमीटर टिपून ठेवावेत आणि पुन्हा तशीच टाकी भरताना जितके लिटर बसतील त्यांनी भागावे.

शिक्षिका, जुळे सोलापूर, पेट्रोल हॅचबॅक

सात रस्ता चौकाच्या बाजूला रोज जाणे असते. सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर देत जायचे आणि शेवटी करकचून ब्रेक दाबायचा, ही सवय सोडल्यावर शहरातले ॲव्हरेज तेराच्या आसपास होते ते साडेचौदापर्यंत आले. मात्र तुळजापूरचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा सल्ला मला घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिला होता, तो आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. फ्युएल इंजेक्शन असलेली गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. शिवाय उतारावर इंजिनाचा रोध गेला, की सगळा भार ब्रेकवर येतो.

विक्री प्रतिनिधी, होटगी रोड, पेट्रोल सेडान

पुण्याला वारंवार जावे लागते. पूर्वी काटा १०५-११० वर असे आणि ॲव्हरेज १५ च्या पुढे जात नसे. आता ८०-८५ ठेवतो आणि १८ सहज मिळते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. उरला वेळेचा हिशेब. टेंभुर्णी-इंदापूरच्या बाजूला चहाला थांबणे आणि पुण्यात शिरतानाची कोंडी दोन्ही वेळा तीच असते, त्यामुळे एकूण प्रवासात अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक राहतो.

गॅरेजचालक, अक्कलकोट रोड

मे महिन्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी भरून घेणारे गिऱ्हाईक दरवर्षी येते. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरच्या कडा अधिक वाकतात, त्या वाकण्याने टायर जास्त तापतो, आणि रोध वाढल्यामुळे पेट्रोलही जास्त जाते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला दाब असतो. टायर गार असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी किंवा घराजवळच्या पंपावर, तेवढाच भरावा.

एअर फिल्टरमध्ये आपल्याकडची धूळ फार बसते. तो वेळेवर बदलावाच, परंतु नव्या पेट्रोल गाड्यांमध्ये त्याने ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा ठेवू नये; तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम मुख्यतः ओढीवर होतो. ज्याकडे कोणी पाहत नाही ती गोष्ट म्हणजे अडकलेला ब्रेक. एका चादर व्यापाऱ्यांची गाडी ॲव्हरेज घटले म्हणून आली होती. फेरफटका मारून थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात नेला, तर डावे पुढचे चाक इतरांपेक्षा कितीतरी तापलेले होते. जॅकवर उचलले तर ते हाताने जेमतेम फिरत होते. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक दाबून धरणाऱ्या भागाच्या, पिना गंजल्या होत्या. त्या साफ करून वंगण दिल्यावर चाक मोकळे झाले आणि तक्रारही संपली.

*(पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या चुंबकाने ॲव्हरेज वाढते का, असे दोघांनी विचारले आहे. ते पैसे हवा आणि सर्व्हिसिंगवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.)*

ऊस उत्पादक शेतकरी, मोहोळ तालुका

जुन्या नोंदींशी तुलना करणाऱ्यांनी इंधन बदलले आहे हे ध्यानात घ्यावे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे पेट्रोलमधले इथेनॉलचे मिश्रण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आल्यानंतरची तीन-साडेतीन टक्क्यांची घट या हिशेबातच बसते; तेवढ्यासाठी मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळते हे खरे, पण म्हणून ॲव्हरेजचा आकडा लपवावा असे नाही.

निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड

उन्हाळ्यात कोणाची वाट पाहत एसी लावून उभे राहणे मी बंद केले आहे. लहान गाडीसुद्धा अशा वेळी तासाला साधारण एक लिटर पेट्रोल घेते. कडुनिंबाखाली गाडी लावतो आणि निघताना काचा उघडून आतली गरम हवा जाऊ देतो, त्यानंतरच एसी सुरू करतो.

सीएनजी गाड्यांचे अनुभव अद्याप आलेले नाहीत, ते अवश्य लिहावेत. त्यांचा आकडा किलोमागे असतो, लिटरमागे नव्हे. त्यामुळे पेट्रोलशी तुलना करताना किलोमीटरमागे पडणारा खर्च रुपयांत द्यावा.