बी विंगचे तात्या गेले

सेक्रेटरी (ए-१०१): कळवायला वाईट वाटतं. बी-२०४ चे तात्या आज पहाटे गेले, झोपेतच. वय ७४. थोरला पुण्याहून निघालाय. अंत्यविधी ११ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी. आजची टाकीची मीटिंग रद्द.

ए-३०२: भावपूर्ण श्रद्धांजली 🙏

सी-१०३: 🙏🙏

बी-१०१ काकू: अरे देवा. काल संध्याकाळी गेटजवळ बोलले की माझ्याशी. मेथीची पेंडी केवढ्याला दिली विचारत होते.

सेक्रेटरी: सी-२०१, तो सुप्रभातचा फुलांचा फोटो काढा आधी. वरचं वाचा.

सी-४०२: आम्ही नवीन, फार ओळख झाली नव्हती. रेल्वेत ड्रायव्हर होते ना?

बी-३०१ आबा: ड्रायव्हर न्हवं ओ, कीमन, रोज चालत रूळ तपासणारा. आधी रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये खडी ठोकली, मग कीमन झाले. वडीलपण रेल्वेतच, मीटरगेजच्या काळातले. १९७१ ला मोठी लाईन (ब्रॉडगेज) झाली, त्यानंतर तात्या लागले. कोल्हापूर-मिरज लाईनला, रुकडी-हातकणंगले पट्ट्यात. खांद्यावर पाना-हातोडा, जवळ लाल-हिरवे झेंडे आणि फटाक्यांचा डबा (रुळावर लावायचे, गाडी वरून गेली की वाजतात, ड्रायव्हर थांबतो), रोज बीटभर, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्यात, पायपीट. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. रूळ धरणारी क्लिप ढिली दिसली की ठोकून बसवायची. आपण महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो की रुकडी यायच्या आत घोरायला लागायचो, ते ह्या माणसांच्या जिवावर. सोसायटीतपण तेच. गेटचा बोल्ट हातोडीनं एकदा टक् करायचे आणि कान द्यायचे. "ह्यो चांगला हाय. ह्यो बोदा वाजतोय, बदला." वॉचमन हसायचा. टाकीच्या शिडीचा बोल्ट त्यांनीच धरला होता. कमिटीनं बदलायला दोन महिने घेतले ते सोडा.

सेक्रेटरी: आबा, कोटेशन आलं नव्हतं. आज नको तो विषय.

ए-२०२ वहिनी: आमच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ करून घेतलेलं. रूळ तुटला तर फटाके कुठं लावायचे? "सहाशे मीटरवर एक, बाराशेवर तीन, तिघांत धा-धा मीटर." धाकटी अजून म्हणते. सकाळपासून तिला कसं सांगू कळंना झालंय.

सी-१०३: २०१९ च्या पुरात गाड्या बंद झाल्या तेव्हा मी ह्याच ग्रुपवर रेल्वेला नको नको ते बोललो होतो. तात्यांनी एवढंच लिहिलं, "रुकडीच्या पुलाला धोक्याच्या खुणेपर्यंत पाणी लागलं की गाडी थांबवायचीच. पाणी उतरलं की पूल तपासतील, मग सोडतील. घरात बसा." बसलो.

बी-२०४ धाकटा: सगळ्यांचे आभार. आईजवळ बायका आहेत, ती ठीक आहे. थंडीत रूळ आखडतो, वेल्ड तुटायची भीती असते. त्यामुळं जानेवारीत आप्पा सुट्टी असली तरी पहाटे उठून बसायचे. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. आज उठले नाहीत म्हणून आईनं हाक मारली.

ए-४०१ (बँकवाले काका): बाळा, घाई नाही, पण सांगून ठेवतो. आप्पांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीचा कागद, शोधून ठेव. मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती जास्तीच्या घे. पीपीओवर आईचं नाव असेल आणि खातं दोघांच्या नावावर असेल, तर फॅमिली पेन्शन त्याच खात्यात चालू होते, नवं काढू नको. बँकेला मात्र लवकर कळव. जादा पेन्शन जमा झाली तर नंतर कापून घेतात, तेव्हा त्रास होतो. अर्ज मी भरून देतो.

ए-३०२: लाकूड-शेणी काही न्यायचं का?

बी-३०१ आबा: न्हाई, महापालिका तिथं फुकट देते. होळीला शेणी जाळू नका, स्मशानात द्या म्हणून दरसाल आपल्या मागं कोण लागायचं? आपली पोती हेच मोजून टेम्पोत चढवायचे.

बी-१०१ काकू: पिठलं-भात माझ्याकडं. बी-२०४ मध्ये आज चूल पेटणार नाही. चहा सी विंगनं बघा.

सेक्रेटरी: रक्षाविसर्जन परवा सकाळी, वेळ कळवतो. आत्ता गाड्या कोणाकोणाच्या?

सी-४०२: माझी आहे, सहा जण बसतील.

बी-३०१ आबा: मग तुम्ही आधी स्टेशनवर जावा. गँगमधले जुने सोबती पॅसेंजरनं यायला लागलेत, म्हातारी माणसं हैत.

सी-४०२: निघतो. ओळखायचं कसं?

बी-३०१ आबा: मी येतो संगं. खाली थांबा, चप्पल घालतो.