मदत हवी आहे: फुलामागची पार्श्वभूमी धूसर करताना पाकळ्यांभोवती लाल कड येते

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या कमाटीबागेत जास्वंदीचे फोटो काढलेत, १८-५५ मिमीच्या लेन्सने, एफ ५.६ छिद्राला (अ‍ॅपर्चर). फूल सुरेख आलंय, पण मागचं कुंपण आणि येणारी-जाणारी माणसं फार ठळक दिसतात.

गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरची (फोटोच्या थराची) प्रत काढून खालच्या लेयरवर गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) देतो, वरच्याला मास्क (नको तो भाग लपवणारा पडदा) लावून फक्त फूल ठेवतो. तरी पाकळ्यांभोवती लालसर धुरकट कड उमटते. ब्लर देताना फुलाचाच रंग बाहेर पसरतो, हे कारण कळतंय. मग आधी खालच्या लेयरमधलं फूल क्लोन टूलने (एका जागचं चित्र दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने) पानांनी झाकून टाकायचं, की याहून सोपी वाट आहे?

खरी पंचाईत मधल्या लांब दांड्याची. मास्कची कड मऊ केली की त्यावरचे पिवळे परागकोश विरघळतात, टोकदार ठेवली की फूल कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. तुम्ही इथे कडेचा मऊपणा किती पिक्सेल ठेवता? देठाजवळची पानं मात्र हळूहळूच धूसर होत जायला हवीत, असं माझं मत.

यातला एक फोटो घरच्या गणपतीच्या आमंत्रणावर घालायचाय, तेव्हा जरा लवकर सांगा.