शब्दचर्चा : भुरका, फुरका, घोट की घुटका?

प्रश्न

शहरातल्या रोजच्या खाण्यापिण्यावरच्या एका खेळकर हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या मूळ जपानी कविताप्रकारात, शब्द अडला आहे.

उभ्याने चहा
एक भुरका, दोन
बस सुटली

मधल्या ओळीत भुरका, फुरका, घोट, घुटका यांपैकी नेमकं काय हवं? हायकूच्या तीन ओळींचं पाच-सात-पाच मोजताना मराठीत काय मोजायचं: अक्षरं, मात्रा की उच्चार? आणि याला हायकू म्हणावं का? निसर्ग नाही, ऋतू नाही, नुसता बसस्टॉप आहे.

प्रतिसाद १

घोट आधी बाजूला काढू. ए-क-घो-ट-दो-न, म्हणजे सहाच अक्षरं होतात, पण ते कारण दुय्यम. घोट हे द्रवाचं माप आहे, त्याला आवाज नसतो. पाण्याचा घोट, औषधाचा घोट. घुटका त्याहून लहान आणि तो घशाशी होतो. भुरका ओठांशी होतो. द्रवाबरोबर हवा आत ओढली जाते, म्हणून आवाज येतो, आणि त्याच हवेने चहा जिभेवर पोचेपर्यंत थोडा निवतो. गार पाण्याचा भुरका कोणी मारत नाही. म्हणजे भुरका म्हटलं की चहा कढत आहे हे सांगून झालं. ‘गरम’ची तीन अक्षरं वाचली. हायकूत विशेषण वाचवणारं नाम मिळालं तर ते सोडू नये.

ओरपणं इथे चालणार नाही. त्यात हावरेपणा आणि निवांतपणा दोन्ही आहेत, आणि बस धरणाऱ्याकडे निवांतपणा नसतो.

प्रतिसाद २

फुरकाही विचारात घ्या. फुरका आणि भुरका दोन्ही वापरात आहेत आणि अक्षरसंख्या तीच. फरक ध्वनीचा आहे. ‘फ’ला ओठांतून वारा सुटतो, फुंकरीतला ‘फ’ तोच. ‘भ’ जड आणि घोषयुक्त, त्यात तोंड भरल्याचा भास होतो. पहिलाच सावध घोट असेल तर फुरका, जीभ भाजली तरी प्यायचंच असं ठरवलेलं असेल तर भुरका. इथे ‘एक, दोन’ अशी मोजणी चालली आहे, घाई आहे. माझं मत भुरक्यालाच.

प्रतिसाद ३

मोजणीबद्दल. जपानीत ‘ओन’ मोजतात. ओन म्हणजे आपलं अक्षर नव्हे. दीर्घ स्वराचे दोन ओन होतात आणि शब्दातला सुटा ‘न’ वेगळा मोजला जातो. टोक्यो हे आपल्याकडे दोन अक्षरांचं, जपानीत चार ओनांचं. ओनच्या जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे मात्रा: लघूची एक, गुरूच्या दोन. पण सतरा मात्रांत मराठी हायकू लिहायला बसलात तर श्वास कोंडतो. ‘वाफाळता चहा’ या दोनच शब्दांच्या दहा मात्रा होतात (२+२+१+२+१+२). उरलेल्या सातांत काय सांगणार? म्हणून मराठीत आकडा पाळणारे बहुतेक जण अक्षरं मोजतात. जोडाक्षर एकच धरायचं: ‘भ्या’ एक, ‘स्ट’ एक.

मात्र अक्षरमोजणीत एक खाच आहे. लिहिलेला ‘अ’ आपण बोलताना गिळतो. ‘चमचा’ कागदावर तीन अक्षरं, तोंडात दोन: चम्-चा. ‘कुरकुरीत’ कागदावर पाच, तोंडात तीन. तुमचाच हायकू मोठ्याने वाचा:

उ-भ्या-ने-च-हा : ५
एक्-भुर्-का-दोन् : ४
बस्-सुट्-ली : ३

कागदावर ५-७-५ आणि कानाला ५-४-३. नवख्यांचे हायकू वहीत बरोबर आणि वाचनात लंगडे होतात ते यामुळेच. तुमच्या हायकूत मात्र हा उतार उपयोगी पडला आहे, कारण ओळ आखडत जाते तशी वेळ संपत जाते. तो तसाच ठेवा. आणि सवय म्हणून दोन्ही आकडे शेजारी लिहीत जा.

प्रतिसाद ४

पाच-सात-पाचचं एवढं ओझं कशाला? मराठीत हायकू रुजवला तो कवयित्री शिरीष पै यांनी, आणि त्यांनीही अक्षरांचा हिशेब काटेकोर धरला नाही. आकडा भरण्यासाठी शब्द कोंबले की हायकू फुगतो. ‘तो’, ‘मग’, ‘छान’, ‘आणि’ आणि सगळ्यात फसवा तो ‘च’. एका अक्षराचा असल्याने तो कुठेही घुसतो. ‘च’ काढून ओळ वाचा. अर्थ हलला तर ‘च’ हवा, नाहीतर तो भरतीचा.

प्रतिसाद ५

हायकू म्हणावं का, या शंकेचं उत्तर शब्दातच आहे. ‘हाय’ म्हणजे थट्टा, खेळकरपणा. जपानीत नटाला जो शब्द आहे त्यातही हेच चिन्ह येतं. ‘कू’ म्हणजे चरण. हाइकाई या खेळकर साखळीकवितेच्या सुरुवातीच्या कडव्याला होक्कू म्हणत. ते सुटं करून त्याला ‘हायकू’ हे नाव रूढ केलं जपानी कवी मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी. तेव्हा गंभीर निसर्गचिंतन म्हणजेच हायकू ही समजूत नंतरची. खाणं, पिणं, घाई हे या घराबाहेरचे विषय नाहीत.

तरी काटेकोरपणे पाहिलं तर तुमची रचना सेन्र्यूकडे, म्हणजे हायकूच्याच घाटाच्या दुसऱ्या जपानी कविताप्रकाराकडे झुकते. सेन्र्यूला ऋतुशब्द म्हणजे किगो लागत नाही, ओळ तोडून विराम देणारा तोडशब्द म्हणजे किरेजी लागत नाही. माणसाची छोटीशी फजिती पुरते. हे नाव काराई सेन्र्यू (१७१८–१७९०) या कविता निवडणाऱ्या परीक्षकावरून पडलं. खाद्यपदार्थ आला म्हणजे सेन्र्यूच, असं मात्र नाही. पदार्थ स्वतःच किगो असू शकतो. जपानी ऋतुशब्दकोशात थंड टोफू उन्हाळ्याचा आहे आणि कलिंगड, खाल्लं जातं उन्हाळ्यात, तरी परंपरेने शरदाचं.

चारोळी आणि वात्रटिका यांच्याशी गल्लत नको. चारोळी शेवटच्या ओळीत निष्कर्ष देते, वात्रटिका कोणाला तरी चिमटा काढते. हायकू आणि सेन्र्यू दोघेही दाखवून थांबतात. शेवटची ओळ ‘चहा राहिला’ अशी केली असती तरी पाचच अक्षरं झाली असती, पण हायकू मेला असता. वाचकाच्या हातातला अर्धा कप काढून घेतल्यासारखं झालं असतं.

प्रतिसाद २, पुन्हा

खाण्याच्या शब्दांत मराठीकडे एक मोठा साठा आहे, तो वापरावा: आवाजाचे शब्द. पण ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. कुरकुरीत म्हणजे दाताखाली आवाज करून मोडणारं. खुसखुशीत म्हणजे स्निग्धपणामुळे आवाज न करता विरघळत मोडणारं. बिस्किट खुसखुशीत असतं आणि लेखही. आणि ‘कुरकुर’ तर माणसं करतात.

शांत टेबल
कुरकुर करतो
नुसता टोस्ट

५-७-५. ‘टोस्ट कुरकुरीत आहे’ एवढंच विशेषणाने सांगितलं असतं तर वर्णन झालं असतं. क्रियापद केल्यावर टेबलावरचा अबोला ऐकू येतो. तिसऱ्या ओळीत ‘एकटा टोस्ट’ही बसतं, पण ‘नुसता’ म्हणजे ‘फक्त’ आणि ‘नुसता’ म्हणजे सोबत काही न लावलेला, असे दोन अर्थ एका शब्दात मिळतात. असे दोन अर्थ आपोआप जुळायला हवेत. श्लेष समजावा म्हणून अवतरणचिन्हं घालावी लागली तर तो शब्द काढून टाकावा.

प्रश्नकर्ता

भुरका कायम. सेन्र्यू म्हटलेलंही पटलं. ‘उभ्याने’ऐवजी ‘उभ्याउभ्या’ चालेल का? एक अक्षर वाढतं. शिवाय हायकू तो की ती?

प्रतिसाद ३

दोन्ही आढळतं, पुल्लिंग जास्त. अनेकवचनात बदल नाही: एक हायकू, दहा हायकू. विभक्तीत विंचवाचा होतं तसं ‘हायकवाचा’ करू नका. चाकूचा, तसं हायकूचा.

‘उभ्याउभ्या’ घ्या. ‘उभ्याने’ फक्त शरीराची अवस्था सांगतं. ‘उभ्याउभ्या येऊन गेला’ म्हणतो तेव्हा त्यात थोडाच वेळ थांबणं असतं, तेच तुम्हाला हवं आहे. सहा अक्षरं झाली तरी कानाला ६-४-३ असा उतार टिकतो. एकच दुरुस्ती: ‘दोन’नंतर काहीही खूण नसल्याने वाचणारा ‘दोन बस सुटली’ असं जोडून वाचू शकतो. आपल्याकडे किरेजी नाही, ते काम आडव्या रेघेला करू द्या.

उभ्याउभ्या चहा
एक भुरका, दोन —
बस सुटली