जुना गेम आणि क्लासिक गेम: फरक ओळखायचा कसा?

इंदिरानगरकर:
आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा पोरांसाठी जुन्या व्हिडिओ गेमचा कोपरा करायचा ठरलाय. टीव्ही तीन, म्हणजे गेमही तीनच. कमिटीत मारिओ, काँट्रा, डक हंट, पॅक-मॅन, टेट्रिस, रोड रॅश अशी ओढाताण चालू आहे. 'आमच्या वेळी भारी होता' एवढ्यावर निवडायला गेलो तर यादी संपायची नाही. आजच्या दहा वर्षांच्या पोराला धरून ठेवेल असा गेम आधीच कसा ओळखायचा? आणि मशीन लावताना काय सांभाळायचं?

पंचवटी_पिक्सेल:
दोनच गोष्टी बघा. कुणी न सांगता गेम समजतो का? आणि मेल्यावर चूक आपलीच होती हे पटतं का?

सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) ची पहिली लेव्हल घ्या. मारिओ डाव्या कडेला, उजवीकडे सगळं मोकळं. कुठे जायचं ते विचारावंच लागत नाही. समोरून एकटा गुंबा, म्हणजे छोटा शत्रू, येतो. धडकलात तर मेलात, पण सुरुवात चार पावलांवरच असते, त्यामुळे गमावलेलं काहीच नसतं. पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे सरकतो, पाइपला आपटून उलटा फिरतो आणि तुमच्याकडेच येतो. शत्रू समजून उडी मारली तरी डोक्यावरचे ठोकळे उंच जाऊ देत नाहीत, म्हणून बहुधा तो अंगावर येतोच. मारिओ मोठा होतो, धडा संपला. एक अक्षर वाचायला लागलं नाही!

पॅक-मॅन (१९८०) मध्ये हेच भुतांच्या चालीत आहे. लाल थेट मागे लागतं, गुलाबी तुमच्या चार घरं पुढे नेम धरतं, नारिंगी आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. निळ्याचं गणित लाल कुठे आहे त्यावर. पोराला हे माहीत नसतं, पण काही डावांत हाताला कळायला लागतं.

काँट्रा मलाही आवडतो, पण या कसोटीवर अडखळतो. दोघं खेळताना धबधब्याच्या लेव्हलला वरचा भरभर चढला की स्क्रीन वर सरकते आणि खालचा मरतो. चूक एकाची, लाइफ दुसऱ्याची. भांडणं सोडवायला माणूस बसवणार असाल तर ठेवा.

सातपूर८बिट:
सोपेपणा पुरेसा नाही, गेमनं पुढच्यांना काय दिलं तेही धरा. डूम (१९९३) क्लासिक आहे, कारण नकाशे नि चित्रं इंजिनापासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामपासून, वेगळ्या फायलीत ठेवल्यानं लोकांनी स्वतःच्या लेव्हल बनवल्या. अर्थात रक्तपात बघता गणपतीत नको. रोड रॅश मजेदार, पण क्लासिक म्हणवत नाही. त्यात आठवणींचा वाटा जास्त.

टेट्रिस लावणार असाल तर आवृत्ती बघा. जुन्या निन्टेन्डोवर तुकडे नशिबावर येतात, लांब दांडीची वाट बघून पोरं वैतागतात. नव्या आवृत्त्यांत सातही तुकडे एकदा आल्याशिवाय पुढची फेरी सुरू होत नाही, त्यामुळे दोन दांड्यांत जास्तीत जास्त बारा तुकडे. नवख्यांना हीच द्या.

रविवार_कारंजा:
गेम कितीही भारी असो, टीव्हीनं उशीर केला की उडी चुकते आणि पोरं गेमला नावं ठेवतात. एलसीडी असेल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. ६० हर्ट्झचा (सेकंदाला साठ चित्रांचा) गेम ५० वर तसाच चालवला तर सहाव्या हिश्शानं हळू होतो, तेही तपासा. डक हंट हवाच असेल तर जुना डब्बा टीव्हीच लागेल. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक तो प्रकाश अगदी ठरलेल्या वेळी शोधते. एलसीडीवर चित्र उशिरा येतं, म्हणून नेम लागत नाही.

कॅसेट फुंकू नका, थुंकीच्या ओलाव्यानं पिना गंजतात. त्यात गणपतीत पाऊस असतोच. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा. ॲडॅप्टर बदलताना प्लगच्या मधल्या टोकाचं प्लस-मायनस मशीनवरच्या खुणेशी जुळवा. व्होल्टही लिहिलेत तेवढेच. नऊच्या जागी बाराचा लावला तर आतला व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर तापतो आणि काही वेळानं गेम अडकतो.

इंदिरानगरकर:
मग मारिओ, पॅक-मॅन, टेट्रिस. डब्बा टीव्ही मिळाला तर टेट्रिसच्या जागी डक हंट. रांग कशी हलती ठेवायची?

पंचवटी_पिक्सेल:
वेळ लावू नका, लाइफ लावा. मारिओत तीन लाइफ संपल्या की रिमोट पुढच्याकडे. टेट्रिसला मात्र पाच मिनिटांची मर्यादा ठेवा, एखादा हुशार निघाला तर आरतीपर्यंत उठायचा नाही.