भिंतीवर एकच जागा आहे: मार्सियानो की लॅरी होम्स?

डावा_हात

सांगलीजवळच्या एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये मी नऊ वर्षं पोरांना बॉक्सिंग शिकवतोय. सध्या सव्वीस जण येतात, त्यात अकरा मुली. दिवाळीआधी शेडला रंग काढला म्हणून भिंतीवरचे फोटो उतरवले होते. मोहम्मद अली, जो लुई आणि मेरी कोम परत आपापल्या खिळ्यांवर गेले. चौथा फोटो ओल लागून खराब झाला, तेवढी जागा रिकामी आहे.

माझ्याबरोबर शिकवणारा मित्र म्हणतो तिथे रॉकी मार्सियानो लावायचा. 49 लढती, 49 विजय, एकही हार नाही. हेवीवेटचा असा दुसरा जगज्जेता झालेला नाही, आणि पोरांना एका ओळीत सांगता येतं.

मला लॅरी होम्स लावायचा आहे. 1978 ते 1985 तो जगज्जेता होता, वीस वेळा किताब राखला. माझं खरं कारण मात्र त्याचा जॅब. पुढच्या हाताचा तो सरळ ठोसा, झटक्यात जायचा आणि गेला तसा परत गालाशी यायचा. शेडमध्ये नवीन पोरगं आलं की पहिले दोन महिने मी त्याला दुसरं काही शिकवतच नाही. कंटाळतात, काही सोडूनही जातात. तो एकच ठोसा माणसाला कुठवर नेतो हे दाखवायला मला होम्सपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पण होम्स हरलेला आहे, एकदा नव्हे, सहा वेळा. मित्राचा मुद्दा असा की हरलेल्याला न हरलेल्याच्या वर कसं बसवायचं? मला उत्तर द्यायचं होतं, पण नीट मांडता आलं नाही. कारकीर्द मोजताना त्या शून्याला किती वजन द्यायचं? ज्यांनी या लढती मन लावून पाहिल्यात त्यांनी सांगा.

तालमीतला

तुमच्या मित्राच्या बाजूने. मी कोल्हापूरचा, कुस्तीच्या घरातला. आमच्याकडे गुणांवर सुटलेल्या कुस्तीला लोक टाळ्या वाजवतात, पण रात्री जेवताना विषय निघतो तो निकाली कुस्तीचा. मार्सियानोच्या 49 पैकी 43 निकाली आहेत. पंचांनी काय लिहिलंय याची वाट त्याने क्वचितच पाहिली.

अंगाने काय होता तो? उंची पाच फूट साडेदहा इंच, वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास, हात आखूड. आजच्या हेवीवेटमध्ये त्याला कोणी उभं केलं नसतं. बाप ब्रॉक्टनच्या बुटांच्या कारखान्यात राबायचा. रॉकी वयाच्या विशीत या खेळात आला आणि नुसत्या मेहनतीवर वर चढला.

23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. समोर जर्सी जो वॉलकॉट, तेव्हाचा जगज्जेता. पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली पाडलं, आयुष्यात पहिल्यांदा. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्यात वॉलकॉट दोरांपाशी आला आणि मार्सियानोचा उजवा बसला. जेमतेम सहा इंचांचा ठोसा असेल. वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला, गुडघे दुमडले, आणि तो तसाच हळूहळू खाली सरकला. हा ठोसा मी किती वेळा पाहिला असेल त्याची मोजदाद नाही. दर वेळी वाटतं, या माणसाला हरणं म्हणजे काय ते कळतच नसावं.

आणि 1956 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, किताब हातात असताना तो थांबला. परत आला नाही. पैशाची बोलावणी आली असणारच. मोठमोठ्यांना जे जमलं नाही ते त्याला जमलं, आणि माझ्या लेखी वारशात हेही धरायला हवं.

हिशेबनीस

दोघांच्याही बाजू थोड्या सैल आहेत, म्हणून लिहितो.

मार्सियानोने हरवलेल्या मोठ्या नावांची वयं बघा. जो लुई 37, वॉलकॉट 38. आर्ची मूर तर चाळिशीच्या उंबरठ्यावर. एझर्ड चार्ल्स त्यातल्या त्यात तरुण, पण त्याचेही बहराचे दिवस सरले होते. किताब राखला सहा वेळा. जो लुईने राखला पंचवीस वेळा, तोही जवळजवळ बारा वर्षं. या भिंतीवर तो आधीच आहे हे बरं आहे.

होम्सच्या वीसमध्येही भरड माल आहे. नोव्हेंबर 1983 मध्ये त्याने मार्व्हिस फ्रेझरला पहिल्या फेरीत उडवलं, तेव्हा त्या पोराच्या नावावर जेमतेम दहा लढती होत्या. किताब देणाऱ्या संघटनांपैकी एक, डब्ल्यूबीसी, तिने त्या लढतीला किताबाची मान्यताही दिली नव्हती. टिम विदरस्पूनने मे 1983 मध्ये होम्सला फार जवळ आणलं होतं, पंचांचं एकमतही झालं नाही. त्याला दुसरी संधी द्यायला हवी होती, ती दिली नाही. डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडून होम्सने आयबीएफ या नव्या संघटनेचा घेतला आणि दुसऱ्या संघटनांच्या तेव्हाच्या पट्टेवाल्यांशी त्याची गाठ पडलीच नाही.

आकडे एवढंच सांगतात. पुढचं ज्याने त्याने ठरवावं.

जुना_फौजी

डावा_हात, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यात राहिला. जरा सविस्तर लिहितो.

मी पलटणीच्या संघातून लाइट वेल्टरवेटला खेळायचो. 1988 साली आमच्या मनोरंजन खोलीत कोणीतरी टायसन आणि होम्सच्या लढतीची कॅसेट आणली. चौथ्या फेरीत टायसनने होम्सला तीनदा पाडलं आणि संपलं. आम्ही पोरं बाकांवर उभं राहून ओरडत होतो, टायसनसाठी. होम्स कोण हे आम्हाला माहीतच नव्हतं. पोट सुटलेला एक म्हातारा, ज्याला टायसनने झोपवलं, एवढीच ओळख. माझ्या वयाच्या बहुतेक भारतीयांच्या मनात होम्सचं हेच एक चित्र आहे आणि मला त्याची खंत वाटते, कारण ते चित्र पंचवीस वर्षं मीही बाळगलं.

निवृत्त झाल्यावर लेकाने इंटरनेटवर जुन्या लढती कशा शोधायच्या ते शिकवलं. तेव्हा 9 जून 1978 ची केन नॉर्टनबरोबरची लढत पाहिली. लास व्हेगास, पंधरा फेऱ्या. काही दिवस आधी होम्सच्या डाव्या दंडाला दुखापत झालेली. ज्याचा सगळा खेळ डाव्या हातावर, त्याच हाताला! तरी पहिल्या अर्ध्या लढतीत तो जॅब नॉर्टनच्या तोंडावर घड्याळाच्या ठोक्यासारखा पडत राहिला. मग नॉर्टन आत घुसायला लागला, बरगड्या फोडायला लागला. चौदा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही कागदांवर बरोबरी. पंधरावी जो जिंकेल तो जगज्जेता.

ती शेवटची तीन मिनिटं पोरांना दाखवा. दोघांनाही हात वर धरवत नव्हते आणि दोघेही थांबले नाहीत. शेवटच्या काही सेकंदांत होम्सने ठोशांची सरबत्ती केली, नॉर्टन हलला, घंटा झाली. निकाल 143-142, 143-142 आणि एका पंचाचा उलट. एका गुणाने माणूस जगज्जेता झाला. मी स्वतः एका अंतिम लढतीत एका पंचाच्या मताने हरलोय. त्या एका गुणात काय काय असतं ते मला कोणी सांगायला नको.

दुसरी लढत, अर्नी शेव्हर्स, 28 सप्टेंबर 1979. शेव्हर्सइतका जड ठोसा त्या काळात कोणाचाच नव्हता, असं त्याचा मार खाल्लेले सगळे सांगतात. सातव्या फेरीत त्याचा उजवा होम्सच्या जबड्यावर बसला आणि होम्स पाठीवर आपटला. असा पडलेला माणूस उठत नाही. होम्स उठला, पाय लटपटत होते, तरी ती फेरी काढली आणि अकराव्या फेरीत लढत जिंकली. तालमीतला म्हणतात तसा वॉलकॉटला लागलेला ठोसा महान आहेच, पण ठोसा खाऊन उठणं मला त्याच्याइतकंच मोठं वाटतं. आणि त्या रात्री होम्स उठला नसता तर तुमचा हा प्रश्नच आला नसता.

आता मुख्य मुद्दा. होम्सच्या नशिबी अलीनंतरची पाळी आली. तो अलीचा सराव-जोडीदार होता. अलीच्या डीअर लेकच्या सराव-तळावर रोज त्याचे ठोसे खायचा, त्यातून शिकायचा. 2 ऑक्टोबर 1980 ला त्याच अलीसमोर त्याला उभं केलं. अली 38 वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर, वजन उतरवायला थायरॉईडच्या गोळ्या घेतलेल्या. होम्स मारत होता आणि मधूनमधून रेफ्रीकडे बघत होता, की थांबवा आता. दहाव्या फेरीनंतर अलीच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक डंडी याने लढत सोडवली. अलीच्या आयुष्यात लढत अशी अर्ध्यावर थांबून झालेली हार तेवढी एकच. होम्स नंतर रडला. आणि लोकांनी काय केलं? होम्सला माफ केलं नाही.

मार्सियानोनेही हेच भोगलंय हे लक्षात घ्या. 1951 मध्ये त्याने जो लुईला दोरांबाहेर पाडलं. लुई त्याचं दैवत होता, ड्रेसिंग रूममध्ये मार्सियानोला रडू आवरलं नाही असं सांगतात. दोघांनीही ज्याला मानलं त्यालाच संपवलं. फरक पुढे पडतो. मार्सियानो वेळेत निघून गेला. होम्स राहिला, आणि टायसनसमोर उभा राहिला तेव्हा तोही 38 वर्षांचा होता, जेवढा त्याच्यासमोर अली होता. एकवीस महिने तोही लढलेला नव्हता. अली त्या रात्री अटलांटिक सिटीत हजर होता. हे कळल्यावर आमची ती कॅसेट मला पुन्हा पाहवली नाही.

शून्याचं म्हणाल तर 21 सप्टेंबर 1985 ला होम्स 48-0 होता, म्हणजे 48 विजय आणि एकही हार नाही. ती लढत जिंकला असता तर मार्सियानोची बरोबरी झाली असती. मार्सियानो शेवटचं लढला तीही तारीख 21 सप्टेंबरच, बरोबर तीस वर्षांपूर्वीची. समोर मायकल स्पिंक्स, खालच्या वजनगटातून वर आलेला. दोन पंचांकडे एका गुणाचा फरक, तिसऱ्याकडे तिनाचा. होम्स हरला. सात महिन्यांनी पुन्हा लढला, पुन्हा हरला, आणि ती दुसरी लढत त्यानेच जिंकली होती असं माझं ठाम मत आहे. म्हणजे एका रात्री दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर तुमचा मित्र आज दोघांनाही सारखंच शून्य देत असता. होम्स तर तोच राहिला असता ना?

लीहाय_काठ

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, ईस्टन माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. होम्सचं गाव. बारा भावंडांतला हा, तेराव्या वर्षी शाळा सोडून गाड्या धुवायच्या कामाला लागला. जगज्जेता झाल्यावरही तो गाव सोडून गेला नाही. कमाई इथेच इमारतींत घातली. नदीकाठच्या रस्त्याला त्याचं नाव आहे आणि 2015 मध्ये गावाने त्याचा पुतळा उभारला. लुईवर सरकारी कराचा डोंगर झाला होता, ते वाचलं असेल तर पैसा सांभाळणारा जगज्जेता किती दुर्मीळ हे पटेल.

आणखी एक. 1992 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याने रे मर्सरला हरवलं. मर्सर सोलचा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, तोवर अपराजित. होम्स बराच वेळ कोपऱ्याला पाठ टेकून उभा होता आणि तिथूनच जॅब मारत होता. परत येणं नेहमीच चूक नसतं.

तालमीतला

फौजी काका, शेव्हर्सची लढत काल रात्री पाहिली. तो उठतो ते खरंच अंगावर येतं. एवढं मान्य.

पण स्पिंक्सकडून हरल्यावर, मार्सियानो माझ्या पासंगालाही पुरला नसता अशा अर्थाचं होम्स जे बोलला ते मला अजून सलतं. मार्सियानोच्या घरचे लोक तिथे हजर होते, आणि मार्सियानो 1969 मध्येच विमान अपघातात गेलेला. मेलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. नंतर त्याने माफी मागितली, ते ठीक. माझं मत मार्सियानोलाच. आखाड्यात उतरून एकदाही पाठ न लागणं ही गोष्ट मला लहान करता येत नाही.

जुना_फौजी

ते बोलणं वाईटच होतं, तुमच्याशी सहमत. हरल्याच्या तासाभरात माणसाला माईकसमोर उभं करू नये, आणि उभं केलंच तर त्याने गप्प राहावं.

डावा_हात

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी शेडमध्ये पांढरा पडदा बांधून पोरांना नॉर्टनची पंधरावी फेरी आणि वॉलकॉटची तेरावी, दोन्ही दाखवल्या. कोण जिंकणार ते आधी सांगितलं नाही. वॉलकॉट पडला तेव्हा सगळी ओरडली. नॉर्टनच्या वेळी कोणीच बोललं नाही. घंटा झाल्यावर माझ्याकडची चौदा वर्षांची एक मुलगी, जी जॅबला कंटाळून गेल्या महिन्यात सोडून चालली होती, म्हणाली, "सर, दुखऱ्या हाताने तो हे करत होता?" मी हो म्हटलं. आज ती वेळेआधी आली होती.

मित्राने होम्सला हो म्हटलंय, पण मार्सियानोसाठी दाराच्या वर नवा खिळा मारायची अट घालून. सुताराला रविवारी बोलावलंय. लीहाय_काठ, जमलं तर त्या पुतळ्याचा एक फोटो पाठवा, डावा हात नीट दिसेल असा. फ्रेम अठरा बाय चोवीस इंचांची आहे.